गोष्टी वाचून दाखवणं आणि मुलांचे शब्द : नेहमी विचारले जाणारे प्रश्न

सांगलीत गावभागात आमच्या घराच्या सोप्यात, म्हणजे ओसरीत, दर शनिवारी संध्याकाळी गोष्टींचा तास भरतो. दोन ते सात वर्षांची पंधरा-वीस पोरं येतात. त्यांना न्यायला आई, आज्जी आणि क्वचित एखादे बाबा दारात उभे असतात. चपलांची जोडी शोधता शोधता ते जे विचारतात, तेच खाली उतरवलंय. मी बरीच वर्षं बालवाडीत शिकवलं, त्यामुळे उत्तरांत वाचलेलं थोडं आणि पोरांकडून शिकलेलं जास्त आहे.

नुसती गोष्ट ऐकून शब्द वाढतात? शिकवावे लागत नाहीत?

सांगलीतल्या पाच वर्षांच्या पोराला ऑगस्टमध्ये विचारा, ‘विसर्ग’ म्हणजे काय. कोयना धरणातून पाणी सोडलं की आपली कृष्णा नदी चढते, हे ते हातवारे करून सांगेल. ‘पातळी’, ‘इशारा’, ‘क्युसेक’ हेसुद्धा त्याच्या तोंडी असतं. कुणी तक्ता टांगून शिकवलं? घरातली माणसं काळजीनं तेच तेच बोलत असतात. आयर्विन पुलापाशी पाणी किती फुटांवर आलं हे तासातासाला विचारलं जातं, धान्याची पोती माळ्यावर चढतात, आणि पोरगं सगळं बघत असतं. शब्द पुन्हा पुन्हा कानावर पडतो, दर वेळी त्याच्याभोवती काहीतरी घडत असतं आणि बोलणारं माणूस आपलं असतं. इतकं जुळून आलं की शब्द बसतो. गोष्ट हेच काम करते, पूर न आणता.

दुसरं असं की, आपण मुलांशी दिवसभर बोलतो ते काय? ऊठ, दात घास, डबा संपव, पाय पूस, झोप आता. यात ‘कासावीस’, ‘दबा धरणं’, ‘लगबग’, ‘घनदाट’ कधी येणार? १९८८ साली अमेरिकेत डोनाल्ड हेज आणि मार्गारेट आरेन्स यांनी बोलण्यातले आणि छापील शब्द मोजून पाहिले. शिकल्यासवरलेल्या मोठ्या माणसांच्या आपसातल्या गप्पांपेक्षा लहान मुलांच्या पुस्तकांत कमी वापरातले शब्द जास्त निघाले. म्हणजे चिमणी-कावळ्याची गोष्टही शब्दांच्या बाबतीत आपल्या पारावरच्या गप्पांना भारी पडते.

कितव्या वर्षापासून सुरुवात करायची?

मान धरायला लागलं की. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं तर २०१४ मध्ये जन्मापासूनच वाचून दाखवा असं सांगितलं. सुरुवातीला बाळ पुस्तक चावणार. चावू दे.

एकच पुस्तक रोज मागतो. आम्हाला पाठ झालं, कंटाळा आला. नवीन आणू का?

आणा, पण जुनं लपवू नका. पुस्तक लपवून ठेवल्याची कबुली निम्म्या आयांनी माझ्याकडे दिली आहे.

तीच गोष्ट पुन्हा ऐकताना मूल तेच ऐकत नसतं. पहिल्या खेपेला पुढं काय होणार यातच त्याचा जीव गुंतलेला असतो. वाघ गेला की राहिला हे एकदा कळलं की मन मोकळं होतं, आणि मग वाघ ‘दबकत’ आला होता इकडं लक्ष जातं. २०११ मध्ये इंग्लंडमधल्या ससेक्स विद्यापीठात जेसिका हॉर्स्ट आणि सहकाऱ्यांनी तीन वर्षांच्या मुलांवर हे करून बघितलं. काही मुलांना वेगवेगळ्या गोष्टी वाचून दाखवल्या, तर काहींना त्याच त्या. नवे शब्द दोन्हीकडे सारख्याच वेळा आले होते. ते चांगले राहिले त्याच त्या गोष्टी ऐकणाऱ्यांच्या लक्षात.

कंटाळा मोठ्यांचा असतो. त्यावर माझा उपाय : एखाद्या वाक्यात शेवटचा शब्द गिळायचा आणि पोराकडं बघायचं. ‘म्हातारी बसली भोपळ्यात, आणि भोपळा निघाला...’ पुढचं सोपा दणाणून सोडत येतं.

अवघड शब्द आला तर बदलून सोपा वाचू का?

नको. सगळ्यात जास्त विचारला जाणारा आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच. ‘हिरमुसलं’च्या जागी ‘रडलं’ वाचलं की त्या दिवशी पोराला मिळणारी एकमेव नवी वस्तू आपण काढून घेतली.

मागच्या पावसाळ्यातलं सांगते. गोष्ट करडाची होती. सगळे बाजाराला जातात, करडाला कुणी नेत नाही. ‘करडू हिरमुसलं’ असं वाचलं आणि थांबले. खांदे पाडले, खालचा ओठ पुढं काढला. पोरांनीही काढले. मग एकच वाक्य : “हिरमुसलं म्हणजे रडलं नाही, पण तोंड एवढुसं झालं.” आणि पान उलटलं. अख्खं थांबणं चहा गाळायला लागतो तेवढंसुद्धा नव्हतं. गोष्ट संपल्यावर विचारलं, “तुमच्या घरात कोण हिरमुसतं गं?” एक पाच वर्षांची म्हणाली, “आज्जी. तिला कुणी टीव्ही लावून दिला न्हाई की.” दारात आज्जी उभी होतीच. ती हसली, पण पुढच्या शनिवारी येऊन म्हणाली, “बाई, आता सून दोन वेळा विचारती.”

यात युक्ती अशी काही नाही. शब्द आहे तसा वाचायचा, चेहऱ्यानं, हातानं किंवा चित्रावर बोट ठेवून दाखवायचा, मुलाच्या भाषेत एका ओळीत उलगडायचा आणि पुढं जायचं. मग दोन-चार दिवसांत घरात कुठंतरी तो शब्द मुद्दाम वापरायचा. कढीपत्त्याचं रोप सुकलं तर, “बघ, कसं हिरमुसलंय.” न्यूझीलंडमध्ये वॉरविक एली यांनी १९८९ मध्ये सात-आठ वर्षांच्या मुलांना वर्गात गोष्टी वाचून दाखवल्या. नुसतं वाचूनही शब्द वाढले, पण वाचताना अर्थ थोडक्यात सांगत गेलं तेव्हा वाढ दुपटीहून जास्त झाली.

एका गोष्टीत दोन, फार तर तीन शब्दांपाशी थांबा. प्रत्येक ओळीला थांबलात तर तो शब्दकोश होईल, आणि शब्दकोश ऐकत कुणी झोपत नाही. (झोपतही असेल, पण वेगळ्या कारणानं.)

अर्थ विचारला की आमची गप्प बसते. तिला कळत नसेल का?

कळत असेलही. अर्थ सांगता येणं वेगळं आणि कळणं वेगळं. तुम्हीच ‘ओशाळणं’ म्हणजे काय ते पटकन सांगून बघा बरं.

इथं माझी चूक सांगते. बालवाडीत नवीन होते तेव्हा गोष्ट संपली की फळ्यावर शब्द लिहून एकेकाला उभं करायचे. उत्तर आलं नाही की पुढच्याला. महिनाभरात एक मुलगा गोष्टीच्या वेळीच ‘शूला’ म्हणून उठून जायला लागला. मला वाटलं, त्याला गोष्टी आवडत नाहीत. पुढं त्याच्या आईकडून कळलं की घरी तो बहिणीला तीच गोष्ट अक्षरशः सांगतो, माझ्या आवाजासकट. त्यानंतर गोष्टीमागून परीक्षा घेणं मी सोडलं.

शब्द कळलाय का हे बघायचंच असेल तर शब्द तुम्ही वापरा आणि बोट त्याला ठेवू द्या : “यातला कोण दबा धरून बसलाय?” मूल चुकीच्या जागी शब्द वापरेल, तेही चांगलंच लक्षण आहे. एका चिरंजीवांनी भात सांडल्यावर “माझा भात घनदाट झाला” असं जाहीर केलं. त्याला ‘सगळीकडं पसरलेलं’ एवढा अर्थ लागला होता. निम्मं काम झालेलंच होतं.

मधेच प्रश्न विचारतो. गोष्ट पुढंच जात नाही.

मग तुमचं छान चाललंय. १९८८ मध्येच न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडला ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट यांनी दोन-अडीच वर्षांच्या मुलांच्या पालकांचे दोन गट केले. वाचन दोघांचं साधारण सारखंच. पण एका गटाला सांगितलं की सरळ वाचत सुटू नका, मुलाला बोलतं करा, त्यानं जे म्हटलं त्यात थोडी भर घालून परत म्हणा. महिनाभरानं त्या गटातल्या मुलांची भाषा पुढं गेलेली दिसली.

भर घालायची म्हणजे काय? पोरगं म्हणतं, “बैल!” तुम्ही म्हणता, “हो, बैल. खिलार बैल. शिंगं बघ कशी लांब, मागं वळलेली.” ते म्हणतं, “त्याला बांधलंय.” तुम्ही : “दाव्यानं बांधलंय. आबांच्या गोठ्यात दावं असतं ना, तसलं.” यात चार शब्द गेले, आणि त्याला वाटलं गोष्ट तोच सांगतोय.

एकच पथ्य. “हा कोण? हे काय? याचा रंग कोणता?” असली सरबत्ती नको. “आता हा काय करेल?”, “तू असतीस तर?” असं विचारलं की वाक्यं येतात, नाहीतर एकेक शब्दच.

आमच्या आज्जीला वाचता येत नाही. मग उपयोग काय?

उलट माझ्या तासाला ज्या पोरांचे शब्द जाडजूड असतात, त्यांच्या घरात बहुतेक वेळा अशी एक आज्जी निघते. पुस्तक हाती नसेल तर चित्रं बघून स्वतःची गोष्ट रचता येते. मुलांना त्यात काही खोटं वाटत नाही.

सांगलीजवळच्या हरिपूरच्या एका आजोबांचं सांगायलाच हवं. गोष्टीत धान्याच्या ‘पेवा’त लपलेला उंदीर होता. पोरांना पेव माहीत नव्हतं आणि मलाही नीट दाखवता येईना. त्या दिवशी नातवाला न्यायला आलेले आजोबा चप्पल काढून आत येऊन बसले. म्हणाले, पेव म्हणजे जमिनीतली कोठी. तोंड निमुळतं, पोट ऐसपैस. हरिपुरात हळद पेवांतच ठेवायचे. वर्षानुवर्षं राहायची, कीड लागायची नाही. उघडल्याबरोबर आत उतरायचं नाही, हवा कोंडलेली असते. आधी कंदील सोडून बघायचा, विझला तर थांबायचं. महापुरांनी पुढं बरीचशी पेवं निकामी केली. पोरं तोंड उघडून ऐकत होती. मग त्यांनी दोन्ही हात फेकून दाखवलं, भरलेलं पेव फुटलं तर दाणे कसे उसळतील, आणि म्हणाले, “म्हणून म्हणत्यात, पेव फुटलं.” गावात क्लासचं पेव फुटलंय असं मी रोज म्हणते. त्यातलं पेव मला त्या दिवशी दिसलं.

घरात हळद, द्राक्षं, ऊस यांपैकी काही असेल तर शब्दांना तोटा नाही. काहील, पाचट, वाडं, बेदाणा, शिवार, कासरा. गोष्टीत शेत आलं की हे शब्द आज्जीला सांगू द्या.

आमच्या घरात गावाकडची बोली. पुस्तकातली भाषा वेगळी. पोरगं गोंधळणार नाही?

नाही गोंधळत. ‘कोरड्यास’ आणि ‘भाजी’, ‘बुट्टी’ आणि ‘टोपली’, ‘म्होरं’ आणि ‘पुढे’. दोन्ही राहू देत. पोराकडं एका वस्तूला दोन शब्द झाले, तोटा कसला? गोष्ट पुस्तकातल्या भाषेत वाचा आणि गप्पा घरातल्या भाषेत मारा. पोरगं “न्हाई” म्हणालं की लगेच “नाही म्हण” असं करू नका. वाक्याच्या मध्यात अडवलं की ते वाक्यच सोडून देतं.

जतकडच्या एक आई घरात कन्नड बोलतात. त्यांनीही हेच विचारलं होतं. मी म्हटलं, चित्रं मराठी पुस्तकातली, बोलणं कन्नडात, बिनधास्त. त्यांची लेक आता मला कन्नड शिकवते, आणि मी फारशी हुशार विद्यार्थिनी नाही.

इंग्रजी माध्यमात घातलंय. मग मराठी गोष्टींत वेळ का घालवायचा?

ज्याला ‘धरण’ म्हणजे काय हे ठाऊक आहे, त्याला ‘डॅम’ हे नाव तेवढं शिकायचं असतं. ज्याला तेच ठाऊक नाही, त्याला नाव आणि वस्तू दोन्ही एकदम शिकावी लागतात. तुम्हाला ज्या भाषेत गप्पा मारता येतात, चिडवता येतं, आवाज बदलता येतो, तिच्यात वाचा. इंग्रजी पुस्तक अडखळत वाचणारे बाबा मी पाहिलेत. पोराचं लक्ष गोष्टीकडं नसतं, बाबांच्या घामाकडं असतं. इंग्रजी पुस्तकं आणायला हरकत नाही, चित्रांवर मराठीत बोलता येतंच.

मोबाइलवर इतक्या गोष्टी आहेत, हलती चित्रं, गाणी. त्या दाखवल्या तर?

लहानग्यांना त्यातून फार हाती लागत नाही. २००३ मध्ये पॅट्रिशिया कूल यांनी नऊ महिन्यांच्या अमेरिकन बाळांना बारा बैठकांत चिनी भाषा ऐकवली. समोर बसून पुस्तकं-खेळणी दाखवत बोलणाऱ्या माणसाकडून ऐकलं, त्या बाळांना चिनी ध्वनी वेगळे ओळखता आले. तेच पडद्यावर दाखवलं तर काही फरक पडला नाही. पडदा पोराच्या तोंडाकडं बघून थांबत नाही, एवढं साधं आहे ते. जागतिक आरोग्य संघटनेचा २०१९ चा सल्ला असा : वर्षाच्या आत पडदा अजिबात नको, दुसऱ्या वर्षातही टाळा, २ ते ४ वर्षांना दिवसाला तासाभराहून जास्त नको.

दाखवलाच तर शेजारी बसा आणि मधेच थांबवून बोला. म्हणजे मोबाइलचंच पुस्तक करा.

व्हॉट्सॲपवर आलं होतं, गरीब घरातली मुलं तीन कोटी शब्दांनी मागं पडतात. खरं का?

तो आकडा १९९५ चा. बेट्टी हार्ट आणि टॉड रिस्ली यांनी कॅन्ससमधली फक्त ४२ कुटुंबं बघून अंदाज बांधला होता. पुढं त्यावर बरीच टीका झाली. घरात आज्जी-आत्या-शेजारणी आपसात बोलतात ते त्यात धरलंच नव्हतं, आणि आपल्याकडं घरात आई एकटी बोलते कुठं? अलीकडचं संशोधन पोराशी किती आलटून-पालटून बोलणं होतं याला जास्त महत्त्व देतं. तो मेसेज पुढं पाठवू नका. ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांच्या मनाला तो उगाच लागतो.

पुस्तकं कुठून आणायची? किती?

पाच-सहा पुरतात, खरंच. २०१९ च्या महापुरात सांगलीच्या ग्रंथालयांतली हजारो पुस्तकं भिजली, माझीही दोन खोकी गेली. वाळवून जी वाचली त्यातलं एक अजून सोप्यात आहे, पानं फुगून लाटांसारखी झालेलं. पोरं तेच आधी उचलतात. मागच्या महिन्यात त्यावरून हात फिरवत एक जण म्हणाला, “बाई, हे पुस्तक हिरमुसलंय.” करडाची गोष्ट होऊन बरेच दिवस झाले होते.

नवीन हवी असतील तर नॅशनल बुक ट्रस्ट आणि प्रथम बुक्सची पुस्तकं खिशाला परवडतात. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर मराठी गोष्टी फुकट वाचता येतात आणि छापूनही घेता येतात. बालभारतीचं ‘किशोर’ मासिक १९७१ पासून निघतंय. त्याचे जुने अंक बालभारतीच्या संकेतस्थळावर आहेत, पण ते थोड्या मोठ्यांचं. ताईनं धाकट्याला वाचून दाखवावं असं. सुट्टीत महाबळेश्वर-पाचगणीला जाणार असाल तर भिलारला थांबा. २०१७ पासून ते पुस्तकांचं गाव आहे. लोकांच्या घराघरांत कपाटं मांडलेली असतात, कुणाच्याही घरात बसून वाचता येतं, आणि हंगाम असला तर स्ट्रॉबेरीही मिळते.

वेळ मिळत नाही हो.

दहा मिनिटं. झोपताना जमत नसेल तर भाकरी थापताना सांगा. हंगामात एखादा आठवडा राहिला तर राहू दे.

शिकलेल्या शब्दांची वही घालू का?

तुमच्यासाठी घाला, पोराला दाखवू नका.

दोन वर्षांचा झाला तरी बोलत नाही. गोष्टींनी सुटेल का?

इथं मात्र गोष्टींवर विसंबून राहू नका. दीड वर्षापर्यंत एकही अर्थाचा शब्द नाही, दोन वर्षांपर्यंत दोन शब्द जोडून “पाणी दे” असं येत नाही, हाक मारल्यावर वळत नाही, किंवा बोलत असलेलं बंद झालं, यातलं काहीही असेल तर आधी कान तपासून घ्या, बालरोगतज्ज्ञांना दाखवा. अंगणवाडी ताईंना सांगितलं तर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातून सरकारी तपासणी होते. “मुलगे उशिराच बोलतात”, “याचे बाबापण चार वर्षांनी बोलले” हे ऐकून वर्ष घालवलेली घरं मी पाहिली आहेत. गोष्टी वाचणं चालूच ठेवा, पण दाखवायला उशीर नको.

तासाला नाव नोंदवायला लागतं का?

नाही. शनिवारी पाचला या, चपला पायरीखाली काढा, खाऊ आणलात तर सगळ्यांपुरता आणा (भडंग नको, सतरंजीतून निघत नाही). पाणी चाळीस फुटांच्या इशारा पातळीला टेकलं की तास बंद असतो. ते पोरंच तुम्हाला सांगतील.